बागबंगल्यातील बंदिवास : मद्रासमधील इंग्रजी कंट्री हाउस आणि दोन मराठी राज्ये

इंग्रजी साहित्यात ‘कंट्री हाउस’ या वास्तूला एका स्वतंत्र काव्यप्रकाराचा मान मिळाला आहे. पेन्सहर्स्ट या निवासस्थानावरील बेन जॉन्सनची कविता १६१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून जमीनदाराचे घर, त्याचे आतिथ्य, त्याची बाग आणि त्याची कुळे यांच्या सुसंवादी चित्राचा एक साचाच तयार झाला. या चित्रातून राबणारे हात कसे वगळले जातात, हे रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात दाखविले. एडवर्ड सैद यांनी ‘कल्चर अँड इम्पीरिअलिझम’ (१९९३) मध्ये जेन ऑस्टिनच्या ‘मॅन्सफिल्ड पार्क’ (१८१४) मधील घराचा डोलारा अँटिग्वा बेटावरील मळ्याच्या उत्पन्नावर उभा असल्याकडे लक्ष वेधले. या विवेचनांत घर प्रामुख्याने इंग्लंडमध्ये असते आणि वसाहत दूर कोठेतरी असते. घरच वसाहतीत उभे राहिले तर त्याचे काय होते, हा प्रश्न त्यामुळे मागे राहतो. मद्रास हे त्या प्रश्नाचा विचार करण्यास विशेष सोयीचे शहर आहे. आणि मराठीच्या अभ्यासकाला तर तेथे वळण्याचे आणखी एक कारण आहे. मद्रासच्या बागबंगल्यांच्या इतिहासात तंजावर आणि बडोदे ही दोन मराठी राज्ये जवळजवळ शंभर वर्षांच्या अंतराने येऊन जातात, आणि दोन्ही प्रसंगी बंगल्याचे बंदिगृह झालेले दिसते.

सेंट जॉर्ज किल्ल्याभोवतीची वसाहत १६३९-४० मधील. किल्ल्यातील वस्ती दाटीची, हवा कोंदट. म्हणून गव्हर्नरासाठी किल्ल्याबाहेर बाग आणि बागेतले घर ठेवण्याची चाल सतराव्या शतकातच पडली होती. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतले आणि १७४९ मध्ये ते इंग्रजांना परत मिळाले. मधल्या काळात जुने बागघर फ्रेंचांनी पाडून टाकले होते. तेव्हा कंपनीने १७५३ मध्ये कूम नदीच्या दक्षिणेस, ट्रिप्लिकेनच्या बाजूला असलेले अँटोनिया दे मादेइरोस या पोर्तुगीज घराण्यातील बाईंचे घर विकत घेतले. पुढे ‘गव्हर्नमेंट हाउस’ म्हणून जे प्रसिद्ध झाले ते हेच. मद्रासमधील इंग्रजी सत्तेच्या सर्वांत प्रतिष्ठित निवासाचा गाभा इंग्रजांनी बांधलेला नव्हता, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. १७५८-५९ मध्ये लालीचा वेढा पडला. १७६९ मध्ये हैदरअली थेट सेंट थॉमस माउंटपर्यंत येऊन ठेपला. त्यामुळे किल्ल्याबाहेर राहणे ही बराच काळ धाडसाचीच गोष्ट होती. १७९२ मध्ये टिपूवर तह लादला गेला, १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि मगच चौल्ट्री प्लेन, एग्मोर, नुंगंबाक्कम, अड्यार या भागांत बागबंगल्यांची खरी रीघ लागली. दुसरा लॉर्ड क्लाइव्ह (गव्हर्नर, १७९८ ते १८०३) याने याच सुमारास गव्हर्नमेंट हाउसचा विस्तार केला. शेजारी खगोलवेत्ता जॉन गोल्डिंगहॅम याच्या आराखड्यानुसार ग्रीक मंदिराच्या धर्तीचे भोजनगृह उभारले गेले आणि १८०२ मध्ये ते खुले झाले. प्लासी आणि श्रीरंगपट्टण येथील विजयांची चिन्हे त्याच्या दर्शनी त्रिकोणी शीर्षभागांवर कोरली गेली. म्हणजे ज्या विजयामुळे बागेत निर्धास्तपणे राहणे शक्य झाले, त्याचे स्मारकही बागेतच झाले.

या बंगल्यांचा आराखडा पुस्तकातून आलेला आहे. आंद्रेया पॅलॅडिओचा ग्रंथ १५७० चा. त्याचे इंग्रजी अनुयायी अठराव्या शतकात प्रबळ झाले, आणि त्यांच्या नमुना-पुस्तकांतील समतोल दर्शनी भाग, उंच खांब, त्रिकोणी शीर्ष, मध्यवर्ती दिवाणखाना ही सामग्री कंपनीच्या अभियंत्यांनी मद्रासला आणली. परंतु दगड आणला नाही. मद्रासचे खांब विटांचे आहेत आणि त्यांच्यावर शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा आहे. शिंपले भाजून केलेला हा चुना बारीक वाळूबरोबर मळत. शेवटच्या थरात अंड्यातील पांढरा बलक, दही, तूप, गूळ असे पदार्थ मिसळत आणि तो थर गुळगुळीत दगडाने तासन्‌तास घोटत. असा घोटलेला गिलावा संगमरवरासारखा चकाकतो. मद्रासच्या चुन्याची कीर्ती सर्वदूर गेली ती यामुळे. गच्चीही स्थानिक पद्धतीची: सागवानी तुळयांवर बारीक विटा उभ्या, तिरप्या रांगेत चुन्यात बसवायच्या, त्यावर वीटचुऱ्याचा कोबा घालायचा आणि वर चपट्या फरशा. ‘मद्रास टेरेस’ या नावाने ही पद्धत देशभर गेली. इंग्लंडमध्ये उन्हाला आत घेण्यासाठी केलेली खांबांची ओळ येथे उन्हाला अडविण्यासाठी खोल व्हरांडा होऊन बसली. खांबांच्या मधल्या जागेत झिलमिल्या आणि वाळ्याचे पडदे आले. तळमजला सामानासाठी आणि कचेरीसाठी राहून राहणी वरच्या मजल्यावर, समुद्राच्या वाऱ्यात गेली. दर्शनी भाग पॅलॅडिओचा खरा, पण भिंतीचा हात तमिळ गवंड्याचा आहे. जॉन्सनच्या कवितेत न दिसणारे हात येथे भिंतीच्या चकाकीतच दिसतात, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

रूप सारखे असले तरी मद्रासच्या बागबंगल्यात एक मूलभूत उणीव होती. इंग्लंडमधील कंट्री हाउस हे जमिनीच्या खंडावर आणि ज्येष्ठ पुत्राच्या वारसाहक्कावर उभे असते. घर, मुलूख आणि घराण्याचे नाव ही तिन्ही तेथे एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत. मद्रासच्या बंगल्याभोवती जमीन होती, पण कुळे नव्हती. मालक कंपनीचा नोकर किंवा व्यापारी. पैसा जमताच किंवा प्रकृती ढासळताच घर विकून स्वदेशी परतणारा. घरे पाच-दहा वर्षांनी हात बदलत. टिकत ते नाव. जॉर्ज मोब्रे याने अड्यार नदीकाठी घुमटाचे घर बांधले. तो गेला, घर पुढे क्लबाचे झाले, पण त्याच्या नावाचा रस्ता विसाव्या शतकात टी. टी. कृष्णम्माचारींचे नाव मिळेपर्यंत मोब्रेचाच राहिला. वारस नसलेले, खंड न देणारे आणि तरीही राजवाड्यासारखे दिसणारे हे घर कोणत्याही कामाला लावता येण्याजोगे होते. पुढील इतिहास समजण्यासाठी हा गुणधर्म ध्यानात ठेवावा लागतो.

मराठी वाड्याशी तुलना केली असता हा फरक अधिक स्पष्ट होतो. वाडा आत पाहतो. त्याची प्रतिष्ठा दिंडीदरवाजा ओलांडल्यावर, चौकाभोवती, क्रमाक्रमाने उलगडते. कोणाला कोणत्या चौकापर्यंत प्रवेश, यावर मान ठरतो. बागबंगला बाहेर पाहतो. त्याचे सारे वैभव दर्शनी भागात आणि ते फाटकापासूनच दिसावे अशी योजना. पेशव्यांनीही पर्वतीजवळ हिराबाग वसविली होती. बागेतील निवास मराठी दरबारी जीवनाला अपरिचित नव्हता. पण ती वाड्याची पुरवणी होती, पर्याय नव्हे. वाड्यात बंद केलेला माणूस दिसेनासा होतो. बागबंगल्यात बंद केलेला माणूस मात्र चहूबाजूंनी दिसत राहतो.

मद्रासच्या बागेत असा बंद झालेला पहिला महत्त्वाचा माणूस इंग्रजच होता, आणि त्याच्या बंदिवासाच्या मुळाशी तंजावरचे मराठी राज्य होते. १७७३ मध्ये अर्काटचा नवाब महंमदअली याने कंपनीच्या फौजेच्या साहाय्याने तंजावर घेतले आणि तुळजाराजे कैदेत पडले. लंडनच्या संचालकांना हे मान्य झाले नाही. त्यांनी लॉर्ड जॉर्ज पिगट याला दुसऱ्यांदा गव्हर्नर म्हणून पाठविले आणि त्याने १७७६ मध्ये तुळजाराजांना राज्य परत दिले. येथे पॉल बेनफिल्ड हा कंपनीचा नोकर व सावकार पुढे आला. नवाबाला दिलेल्या कर्जापोटी तंजावरचा महसूल आणि पीक आपल्याकडे गहाण आहे, असा त्याचा दावा होता. कौन्सिलातील बहुमत त्याच्या बाजूला गेले. २४ ऑगस्ट १७७६ च्या संध्याकाळी पिगट किल्ल्यातून बागेतल्या घराकडे गाडीतून जात असताना त्याला वाटेत अटक झाली. प्रथम त्याला सेंट थॉमस माउंट येथे ठेवण्यात आले. प्रकृती बिघडल्यावर कंपनीच्या बागघरात हलविण्यात आले आणि तेथेच ११ मे १७७७ रोजी तो मरण पावला. स्वतःच्याच निवासस्थानी गव्हर्नर कैदी म्हणून मरण पावला. त्याला अटक करणाऱ्या कौन्सिलरांपैकी चौघांना पुढे लंडनमध्ये प्रत्येकी १,००० पौंड दंड झाला. तेवढ्यावर प्रकरण मिटले.

बेनफिल्डचे काय झाले, हे कंट्री हाउसच्या इतिहासाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. हर्टफर्डशायरमधील वुडहॉल पार्क हे घर वास्तुविशारद टॉमस लेव्हर्टन याने टॉमस रंबोल्ड याच्यासाठी बांधले. हा रंबोल्ड १७७८ ते १७८० या काळात मद्रासचा गव्हर्नर होता. रंबोल्डच्या मृत्यूनंतर तेच घर बेनफिल्डने घेतले. एडमंड बर्कने १७८५ मध्ये अर्काटच्या नवाबाच्या कर्जांवर केलेल्या भाषणात ज्याला झोडपून काढले, तो हाच बेनफिल्ड. सैद यांना ‘मॅन्सफिल्ड पार्क’मध्ये अँटिग्वाच्या मळ्याचा पुसट उल्लेख शोधावा लागला. वुडहॉलच्या बाबतीत कादंबरीची गरज पडत नाही. मद्रासमध्ये जमविलेला पैसा हर्टफर्डशायरमध्ये घर झाला, आणि त्या पैशाच्या मागे कावेरीकाठच्या भातावर सांगितलेला दावा होता.

दुसरा बंगला नुंगंबाक्कमचा. १७९८ च्या सुमारास बेंजामिन रोबक या कंपनीच्या नोकराच्या ताब्यातील जमिनीवर तो उभा राहिला. परंतु तो ओळखला जातो ‘डव्हटन हाउस’ म्हणून, पुढील काळातील त्याचे धनी लेफ्टनंट जनरल सर जॉन डव्हटन यांच्या नावाने. (वेपेरीकडील डव्हटन नावाची शाळा आणि परिसर यांचा संबंध त्याच नावाच्या दुसऱ्या एका लष्करी गृहस्थाशी आहे, दोघांची गल्लत वारंवार होते.) चेन्नईतील आजच्या वाचकाला डव्हटन हे रस्त्याच्या वळणावरचे नाव वाटते. नागपूरच्या इतिहासाच्या वाचकाला मात्र ते निराळ्या ठिकाणी भेटलेले असते. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि तिच्या पाठोपाठ हैदराबादची तैनाती फौज घेऊन ब्रिगेडियर जनरल डव्हटन नागपुरावर आला. १६ डिसेंबर १८१७ रोजी भोसल्यांच्या सैन्याचा त्याने मोड केला. आप्पासाहेब आधीच इंग्रजांच्या स्वाधीन झाले होते. १८१९ मध्ये अशीरगडाला पडलेल्या वेढ्यातही तो होता. मराठी सत्तेच्या अखेरच्या युद्धात नाव मिळविलेल्या सेनापतीचे नाव मद्रासच्या एका पांढऱ्या बंगल्याला चिकटले, आणि त्याच बंगल्यात १८७५ मध्ये बडोद्याचे पदच्युत महाराज मल्हारराव गायकवाड यांना आणून ठेवण्यात आले.

मल्हाररावांच्या प्रकरणाची रूपरेषा परिचित आहे. थोरले बंधू खंडेराव यांच्याविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून ते १८६३ पासून पाद्रा येथे कैदेत होते. १८७० मध्ये खंडेराव वारले आणि कैदी गादीवर आला. त्यांच्या कारभाराविषयी तक्रारी वाढत गेल्या, रेसिडेंट कर्नल फेअर यांच्याशी वितुष्ट आले, दादाभाई नौरोजी यांची अल्पकाळची दिवाणगिरीही परिस्थिती सावरू शकली नाही. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी फेअर यांच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड घालण्यात आल्याचा आरोप झाला. जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली. चौकशीसाठी सहा जणांचे मंडळ नेमले गेले : सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड आणि फिलिप मेल्व्हिल हे तीन इंग्रज, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव हे तीन हिंदी. महाराजांच्या बचावासाठी सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील इंग्लंडहून आले. निर्णय दुभंगला. तिघा इंग्रजांनी आरोप सिद्ध झाला असे म्हटले. तिघा हिंदी सभासदांना तो सिद्ध झाला असे वाटले नाही.

या तीन-तीनच्या विभागणीचा वास्तूशी संबंध आहे. एप्रिल १८७५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी महाराजांना पदच्युत केले ते विषप्रयोगाच्या कारणावरून नव्हे. गैरवर्तन, अनागोंदी कारभार आणि अपात्रता ही कारणे देण्यात आली. गुन्हा शाबीत न झालेल्या माणसाला तुरुंगात टाकता येत नव्हते, आणि गुजरातेत किंवा महाराष्ट्रात मोकळे सोडणे सरकारला परवडणारे नव्हते. अशा वेळी ज्याला तुरुंग म्हणता येणार नाही पण ज्यातून बाहेर पडता येणार नाही, असे घर हवे होते. मद्रासच्या बागबंगल्याने ही गरज नेमकी भागविली. त्याच्याभोवती मोकळी जमीन होती, तिला एक फाटक होते. खोल्या राजाला शोभण्यासारख्या होत्या. आसपास मराठी किंवा गुजराती प्रजा नव्हती. निर्णयाच्या अभावावर वास्तूने पांघरूण घातले.

राजकीय कैद्याला राजासारखे घर देण्याची ही रीत नवी नव्हती. दुसरे बाजीराव १८१८ नंतर बिठूरला राहिले. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडण्यात आले. सर्वांत जवळचे उदाहरण वाजिदअली शहा यांचे. १८५६ मध्ये अवध खालसा झाल्यावर ते कलकत्त्याला गेले आणि गार्डन रीच या इंग्रजी बागबंगल्यांच्या वस्तीतच त्यांना घरे मिळाली. पण त्यांनी त्या वस्तीचे मटियाबुर्ज करून टाकले. गायक, शायर, नर्तक, पाकशास्त्री आणि पशुपक्षी यांच्यासह लखनौचा एक तुकडा हुगळीकाठी वसविला. उर्दू साहित्याच्या आणि ठुमरीच्या इतिहासात या हद्दपारीला स्थान मिळाले. नुंगंबाक्कमचे बडोदे झाले नाही. वाजिदअली शहांना तीन दशके मिळाली आणि त्यांच्यामागे एक शहरी परंपरा चालून आली. मल्हाररावांना सातच वर्षे मिळाली. १८८२ मध्ये मद्रासेतच त्यांचा अंत झाला. सात वर्षे पाद्र्याची कैद, साडेचार वर्षांचे राज्य आणि पुन्हा सात वर्षे मद्रास, असा त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध आहे.

या काळात गव्हर्नमेंट हाउसमध्ये कोण राहत होते, हे पाहणे येथे अप्रस्तुत ठरणार नाही. नोव्हेंबर १८७५ ते डिसेंबर १८८० या काळात मद्रासचे गव्हर्नर होते बकिंगहॅमचे तिसरे ड्यूक. मद्रासच्या लोकांना ते १८७७-७८ च्या दुष्काळातील कामामुळे आणि बकिंगहॅम कालव्यामुळे आठवतात. परंतु इंग्रजी साहित्य आणि उद्यानकला यांच्या अभ्यासकाला ते स्टोचे वारस म्हणून ठाऊक असतात. बकिंगहॅमशायरमधील स्टो हे इंग्लंडमधील सर्वांत कीर्तिमान कंट्री हाउसांपैकी एक. तेथील बागेत विल्यम केंटने मंदिरे उभारली, ‘केपेबिलिटी’ ब्राउनने उमेदवारी केली, आणि अलेक्झांडर पोपने १७३१ च्या बर्लिंग्टनविषयक पद्यपत्रात तिची प्रशंसा केली. तिसऱ्या ड्यूकच्या वडिलांनी या वैभवाचे दिवाळे काढले. १८४८ मध्ये स्टोमधील चित्रे, पुतळे, चांदीची भांडी, दारू असा सारा संसार चाळीस दिवस लिलावात विकला जात होता. मुलाने रेल्वे कंपनीचे अध्यक्षपद स्वीकारून आणि काटकसर करून कर्जे फेडली. मद्रासची नेमणूक हा त्याच खटपटीच्या आयुष्यातील एक टप्पा. म्हणजे १८७५ नंतरची काही वर्षे मद्रासमध्ये दोन बंगल्यांत दोन घरघालव्या पिढ्यांचे अवशेष राहत होते. एकाचे वडिलार्जित घर रिकामे झाले होते आणि तो सत्तेच्या घरात पाहुणा होता. दुसऱ्याचे राज्य गेले होते आणि तो त्याच सत्तेचा कैदी होता. दोघांना एका पातळीवर आणणे अर्थातच योग्य नव्हे. ड्यूकला परत जाता येत होते.

बडोद्याच्या बाजूने पाहिले तर याच वर्षी उलट दिशेनेही एक प्रवास झाला. मल्हाररावांच्या जागी दत्तक घेतलेल्या बाल सयाजीरावांच्या वतीने राज्य चालविण्यासाठी दिवाण म्हणून सर टी. माधवराव यांना नेमण्यात आले. माधवराव कुंभकोणमचे, तंजावरच्या मराठी देशस्थ समाजातले. त्यांचे शिक्षण मद्रासला पॉवेल यांच्या हाताखाली झाले होते, आणि त्रावणकोर व इंदूरची दिवाणगिरी करून ते बडोद्यास आले. पिगट-बेनफिल्डच्या काळात ज्या तंजावरच्या मराठी राज्यावर सावकारांची झडप पडली, त्याच भूमीतील मराठी कुळातला, इंग्रजी विद्येत वाढलेला प्रशासक आता गायकवाडांचे घर सावरू लागला. बडोद्याचा मराठी राजा मद्रासेत बंद आणि मद्रासचा मराठी मुत्सद्दी बडोद्यात कारभारी! तरुण सयाजीरावांसाठी माधवरावांनी दिलेली राज्यकारभारविषयक व्याख्याने ‘मायनर हिंट्स’ या नावाने १८८१ मध्ये छापली गेली. १८८२ मध्ये त्यांनी बडोदे सोडले. त्याच वर्षी मल्हारराव वारले.

वास्तुशैलीचा प्रवासही याच वाटेने झाला. डव्हटन हाउससारखे पांढऱ्या खांबांचे बंगले १८७५ पर्यंत जुन्या पिढीचे ठरले होते. रॉबर्ट चिझम या सरकारी वास्तुविशारदाने लाल विटा, घुमट आणि मनोरे यांची हिंदी-इस्लामी वळणाची शैली मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर आणली. विद्यापीठाचे सेनेट हाउस १८७४ ते १८७९ या काळात, म्हणजे मल्हारराव नुंगंबाक्कमला असतानाच, बांधले जात होते. पुढे चिझम बडोद्याकडे वळला. मेजर चार्ल्स मँट याने आखलेला लक्ष्मीविलास राजवाडा मँटच्या १८८१ मधील मृत्यूनंतर चिझमने १८९० मध्ये पूर्ण केला. बाहेरून घुमट, छत्र्या, जाळ्या. आतून इंग्रजी कंट्री हाउसला शोभणारे दिवाणखाने आणि भोवती विस्तीर्ण हिरवळ. सयाजीरावांचा राजवाडा वाड्यासारखा आत पाहत नाही, तो बागबंगल्यासारखा बाहेर पाहतो. काकांच्या कैदेसाठी वापरलेली कल्पना पुतण्याच्या वैभवाचा आराखडा झाली, असे म्हटले तर ते शब्दशः खरे नाही, परंतु त्या दोन वास्तूंमधील नाते नाकारताही येत नाही.

या घरांचे उत्तरायुष्य थोडक्यात सांगता येते. मद्रासमध्ये काँग्रेसचे तिसरे अधिवेशन १८८७ मध्ये मॅकेज गार्डन्स या जुन्या बागबंगल्याच्या आवारात भरले आणि स्वागताध्यक्ष होते सर टी. माधवराव. डव्हटन हाउसमध्ये १९१६ मध्ये विमेन्स ख्रिश्चन कॉलेज आले. ते आदल्याच वर्षी स्थापन झाले होते आणि त्याच्या वापरामुळेच घर टिकले. तिकडे तिसरा ड्यूक १८८९ मध्ये पुत्राविना वारला. स्टो भाड्याने गेले ते फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या, देशाबाहेर काढलेल्या काउंट ऑफ पॅरिसकडे. तो १८९४ मध्ये तेथेच मरण पावला, आणि १९२३ मध्ये स्टोची शाळा झाली. गव्हर्नमेंट हाउसला हे भाग्य लाभले नाही. नव्या विधिमंडळ-सचिवालयासाठी ते पाडण्यात आले. त्या जागी २०१० मध्ये उघडलेली इमारत २०१४ पासून रुग्णालय आहे. क्लाइव्हचे भोजनगृह मात्र राजाजी हॉल या नावाने उभे आहे. एम. जी. रामचंद्रन (१९८७), जयललिता (२०१६) आणि करुणानिधी (२०१८) यांची पार्थिवे लोकांना अंत्यदर्शनासाठी तेथेच ठेवली गेली होती. विजयोत्सवाचे सभागृह तमिळ राजकारणाच्या शोकाचे स्थान झाले.

साहित्याच्या बाजूने पाहता मल्हारराव प्रकरणाने कादंबरीला नव्हे, तर नाटकाला हात घातला. नारायण बापूजी कानिटकर यांचे ‘मल्हारराव महाराज’ हे मराठी नाटक १८७५ चे. बंगालीत अमृतलाल बसू यांनी त्याच वर्षी ‘हीरकचूर्ण’ लिहिले, ज्याच्या नावातच हिऱ्याची पूड आहे. एका संस्थानाची घटना महिन्या-दोन महिन्यांत पुण्याच्या आणि कलकत्त्याच्या लेखणीवर यावी, ही त्या काळाच्या वृत्तपत्रांची आणि तारायंत्राची किमया. अखिल भारतीय म्हणता येईल अशा समकालीन राजकीय नाट्यविषयाचे हे आरंभीचे उदाहरण मानावयास हरकत नाही, आणि तुलनात्मक अभ्यासात त्याची उपेक्षा झाली आहे. दोन्ही नाटके १८७५ ची असल्याने त्यांचे रंगस्थळ बडोदे आहे. मद्रासचा बंगला त्यांच्या पलीकडे राहतो. कंट्री हाउसमधील कोंडलेल्या व्यक्तीची कथा ‘जेन आयर’मुळे (१८४७) इंग्रजी वाचकाच्या परिचयाची होती. मराठीत तिला विषय मिळाला होता, पण लगेचच वातावरण बदलले. मल्हाररावांना पदच्युत करणाऱ्या नॉर्थब्रुक यांनीच २९ फेब्रुवारी १८७६ रोजी नाट्यप्रयोगांवर नियंत्रण घालणारा वटहुकूम काढला. त्याचे निमित्त कलकत्त्यात युवराजांच्या एका गृहभेटीवर झालेले प्रहसन होते. तेथेही प्रश्न एका घरात कोणाला प्रवेश दिला गेला याचाच होता. डिसेंबर १८७६ मध्ये त्या वटहुकुमाचा कायदा झाला. स्वतंत्र भारतात अनेक राज्यांनी त्याच्या धर्तीवर आपापले नियम ठेवले. मूळ केंद्रीय कायदा रद्द झाला तो २०१८ मध्ये.